नवारीचा पट्टा

अहमदपूर
३ मार्च २०२५

चि. केवळास,
अण्णाचा सलाम. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत न्हाई म्हणून लिहितो, नाहीतर कालच चांगली झाडली असती. माझ्या हातांसाठी प्रार्थना करा म्हणून तू आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना चिठ्ठी पाठवलीस. त्यांनी ती काल उपासनेत सगळ्या मंडळीपुढं वाचली! भावाचे हात थरथरतात, त्याला विसावा मिळावा, हे सगळं. जो तो माझ्या हातांकडं बघून राहिला. मी हात मांडीखाली दाबून बसलो.

उपासना झाल्यावर पंचांनी ठरवलं की ईस्टरच्या प्रभुभोजनाला द्राक्षरसाच्या प्याल्यांचं तबक दुसऱ्या कुणी फिरवावं. मंडळीचा सेवक, डीकन म्हणून एकेचाळीस वर्षं ते मी फिरवलंय, केवळे. आपल्या तेलघाण्यावर करडईचं तेल बाटलीत ओतायला मला कधी नरसाळं लागलं न्हाई. मी उभा राहिलो आणि सांगितलं, या ईस्टरला मीच फिरवणार. एक थेंब सांडला तर आपणहून डीकनपद सोडतो.

रागावलेला, तरी तुझाच,
अण्णा

भोकर
१० मार्च २०२५

ती. अण्णास,
केवळाचा मनापासून सलाम. वि. वि.

चुकलं माझं, पदर पसरते. आमच्या भोकरला अशा चिठ्ठ्या पाळकांच्या खिशातच राहतात. तुमच्याकडं त्या वाचून दाखवतात हे मला मेलीला काय ठाऊक!

पण तुझी सून उज्वला इकडं आली तेव्हा सांगत होती, पायावर उकळता चहा सांडलास आणि आठ दिवस मोजे घालून लपवलंस. चौऱ्याऐंशीचा झालास. अजून पहाटे पाचला घाण्यावर जातोस, स्वतः पोती मोजून घेतोस. विसावा मागितला तर काय पाप केलं मी? वहिनी असती तर तिनं घाण्याच्या चाव्याच कमरेला खोचल्या असत्या. आणि सगळ्यांपुढं असं बोलून बसायची काय गरज होती? आता काय करणार ते कळव. मला झोप न्हाई.

माया आटू देऊ नको.
केवळा

अहमदपूर
२७ मार्च २०२५

चि. केवळास,
सलाम. वि. वि.

राग गेला. रोज सकाळी घाणा चालू व्हायच्या आधी तबकात चाळीस प्याले पाण्यानं भरतो आणि पोत्यांच्या मधून चालतो. तीस वर्षांपासूनचा माझा गडी शिवमूर्ती फडकं घेऊन मागं पुसत येतो. बिचाऱ्याला फडकं रोज पिळावं लागतं. काल चार प्याले फुटले.

खरं सांगू? मला भीती वाटून राहिली. नुसत्या पदाची न्हाई. तबक पुढं केलं की एकेकाचं तोंड जवळून दिसतं. कोण आजारी आहे, कोण घरी भांडून आलंय, सगळं कळतं. मग आठवडाभर मी त्यांच्या दारात जातो. ते गेलं तर नुसता एक म्हातारा तेलवाला उरेन मी. पण मागं हटणार न्हाई. हे कुणाला सांगू नकोस. पाळकसाहेबांना तर मुळीच लिहू नकोस!

तुझा,
अण्णा

भोकर
२ एप्रिल २०२५

ती. अण्णास,
सलाम. वि. वि.

तुझं पत्र वाचून लई रडले. मग उठले आणि पलंगाखालची ट्रंक ओढली. माझ्या पाठवणीला ती बांधायला दोरी नव्हती, तेव्हा तू आपल्या पेटीचा पट्टा सोडून दिला होतास. आईनं शिवलेला, खाटेच्या नवारीचा. साठ वर्षं तो ट्रंकेलाच आहे.

त्याच पट्ट्यानं पेटी गळ्यात अडकवून तू नायगावच्या बाजारात सुया, दोरे, फण्या विकायचास. गर्दीत धक्के खायचास, पण पेटीतली एक सुई पडायची न्हाई. घाणा टाकल्यापासून त्या दिवसांचं तू कधी नाव काढत न्हाईस. लाजतोस, मला ठाऊक आहे. पट्टा सोबत पाठवते. काय करायचं ते मी सांगायला नको.

केवळा

अहमदपूर
२१ एप्रिल २०२५

चि. केवळास,
भरभरून सलाम. वि. वि.

पट्टा आला आणि दोन दिवस खुंटीलाच राहिला. फेरीवाला होतो हे मी नातवंडांना कधी सांगितलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांना बसवून सगळं सांगितलं आणि सुताराकडं गेलो. तबक बसेल अशी लाकडी चौकट करून घेतली, दोन्हीकडं पट्टा अडकवायला कड्या. पाळकसाहेबांनी आधी आठ्या घातल्या. पण काल वेळ आली तेव्हा त्यांनीच पट्टा माझ्या गळ्यात घातला.

हात थरथरत होते, काही कमी न्हाई. पण तबक छातीशी टेकलेलं, पाय बाजारातल्यासारखे आपोआप पडत होते. तिसऱ्या रांगेत नायगावची पारूबाई, नव्वदीची. तिनं प्याला घेतला, माझ्याकडं निरखून पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं की सुया आहेत का! सगळी मंडळी हसली. मलाही हसू फुटलं आणि पोटासंगं तबक हलायला लागलं. जीवच गेला माझा. दम रोखून तसाच उभा राहिलो, मग पुढं चाललो. शेवटच्या रांगेपर्यंत.

शिवमूर्ती बाहेर दारात फडकं घेऊन उभा होता. मी आलो तसं त्यानं ते उघडून दाखवलं, कोरडं ठणठणीत. मग मला माझे डोळे पुसायला ते मागून घ्यावं लागलं.

पट्टा परत मिळणार न्हाई. ट्रंकेसाठी चांगली दोरी पाठवतो.

तुझा अण्णा,
अजून डीकन