खुबा बदलायच्या आधी

१२ फेब्रुवारी २००४, गुरुवार
माझ्या हातचं, आजवर: उंच बाज — गुडघ्यापेक्षा चार बोटं वर. भोकाची खुर्ची, सागाची, खाली बादली बसेल अशी. ओट्याला दोन्हीकडून कठडा. चालायची चौकट, चारही पाय एका मापाचे — जमिनीवर ठेवली, हलली नाही! शिकवलं कुणी? कुणी नाही. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर उकिडवं बसायचं नाही. आणि इथं सूर्यमाळला सगळा जन्म जमिनीवरच!

लाडक्या, माझा चुलतभाऊ, खुर्ची बघून म्हणतो — "दादा, तहसीलदार झालास रं! हिच्यावर बसून सह्या करणार का?" हसू दे. बसून आधी त्यानंच बघितलं.

१६ फेब्रुवारी
उजव्या खुब्याचा गोळा सुकलाय. सिकलचं रक्त — पेशी विळ्यासारख्या, बारीक नळीत अडकतात, हाडाला रक्त पोचत नाही. लहानपणापासूनच्या कळा त्याच्याच. दोघा डॉक्टरांनी हात वर केले: सिकलवाल्याला चाकू लावत नाही. नाशिकचे म्हणाले, लावतो — पण आधी तुमचं रक्त काढून दुसऱ्यांचं भरायचं. विळे तीस टक्क्यांखाली आले तर ऑपरेशन, नाही तर जन्माची कुबडी. कुबडी धरून रंधा मारता येत नाही. आणणारच खाली!

२० फेब्रुवारी
पाणी भरपूर प्यायचं, थंडी लागू द्यायची नाही. बायको मंगळी म्हणते, "तू पितोस का झाडाला घालतोस? हंड्यासाठी दरी उतरते मी!" तरी तांब्या पुढं करते.

२६ फेब्रुवारी
जीपभर माणसं नाशिकला नेली! रक्त द्यायचं म्हटलं की पाड्यावरचा माणूस रानात पळतो — जोर जातो म्हणे. तरी आली. लाडक्या, शेजारचा संदीप, त्याचे भाऊ आणि जिवा — माझ्या राहीचा होणारा नवरा, वैशाखात लग्न. छाती फुगली माझी.

लगेच उतरलीही. सगळी आपली माणसं — तीच चूक! रक्ताच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, बहुतेकांत अर्धं सिकल. त्यांना स्वतःला त्रास नाही, पण त्यांचं रक्त मला चालायचं नाही. जिवाचंही अर्धं. बाई म्हणाल्या, "तुमच्या मुलीत अर्धं असणारच. अर्ध्या-अर्ध्याचं लग्न झालं तर मूल तुमच्यासारखं पुरं निघू शकतं." जिवा भिंतीकडं बघत राहिला.

मंगळीचं साफ निघालं! पण वजन कमी, घेतलं नाही. कडाडली — "मोळी आणते तवा कुणी वजन बघत नाय!"



२ मार्च
मोखाडा. कुणापुढं हात पसरला नव्हता कधी. आज पसरला. शाळेत गोकुळ गुरुजी, मूळचे घाटावरचे. आमच्या नात्यागोत्यात नाहीत — तेच हवं. उभ्या उभ्या सांगितलं. गुरुजींनी बाही वर केली — "घ्या! पण सरकारी रक्त आहे हं मिस्त्री, सावकाश चढेल!" पंचायत समितीतले दोन कारकून तयार झाले. बाजारातला शिंपीही. जीप पुन्हा भरली!

५ मार्च
सगळ्यांचं साफ. एकही परत नाही.

९ मार्च
अठ्ठावीस!! विळे अठ्ठावीस टक्के! बाईंनी कागद दाखवला, मी पुन्हा वाचायला मागितला. माझं काढलं, शाळेचं, कचेरीचं, बाजाराचं भरलं. हातापायांना ऊब आहे. लाडक्या फोनवर — "आता इंग्रजी बोलशील का कारकुनासारखं?"

चौकट सोबत आणली होती. हाडांचे डॉक्टर धरून चालले, दोनदा दाबून बघितली. "माप अगदी बरोबर." असणारच!

शुक्रवारी ऑपरेशन.

११ मार्च
जिवाचा बाप पोश्या वॉर्डात आला. "अर्धं-बिर्धं कुणाला दिसतंय, दाजी? पोरं खूश हायेत. देज वाढवून देतो." जिवा दारात उभा. राही उशाशी. तिच्याकडं बघितलं. म्हणाली, "बा, तुझ्या कळा मी बघितल्यात." मग रडली. मी पोश्याला नाही म्हणालो. देज, पोरीच्या बापाला द्यायचे पैसे, ठरलं होतं पाच हजार. तो देत होता अकरा.