व्याही झुंबररावांस, रेडिओबाबत

सांगवी, ता. बारामती
मंगळवार

भवानीनगर मुक्कामी आमचे व्याही झुंबरराव यांना सांगवीच्या गेणबाचा हात जोडून रामराम. द्वारकाबाईंना आमच्या मंडळींचा, लीलाबाईचा, नमस्कार. आमच्याकडं सगळी बरी आहेत. पेरूला फळ चांगलं धरलंय, माझा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण चालतो. तुमची शुगर कशी आहे? (तुमच्या अंगातली म्हणतोय. कारखान्यातली कशी आहे ते तुम्ही मला भेटीत सविस्तर सांगितलंच आहे.)

'व्याही' हा शब्द वाचून तुम्ही कागद खाली ठेवला असेल, तर कृपा करून परत उचला. तो शब्द लिहिण्याआधी मी बराच वेळ पेन हातात धरून बसलो होतो. 'मित्र' लिहावं तर आपली भेट एकदाच झालेली. 'स. न. वि. वि.' लिहून बघितलं, तर पत्र सोसायटीच्या नोटिशीसारखं दिसायला लागलं. माझा ऋषिराज आणि तुमचा विशाल बारामतीत एका घरात राहतात, एकाला ताप आला तर दुसरा उशाशी बसतो, भाजीत मीठ कमी पडलं की दिवसभर अबोला धरतात. अशा दोघांच्या बापांना आपल्या भाषेत जो शब्द आहे, तो मी लिहिला. सरकारदरबारी आपण व्याही नाही हे मला ठाऊक आहे. (कोर्टानं असल्या जोडीला गुन्हेगार म्हणायचं बंद केलं, पण लग्न अजून कुणी मान्य केलेलं नाही.) पण आमच्या गावात असे कितीतरी व्याही आहेत की ज्यांचं लग्नाचं रजिस्टर पक्कं आणि एकमेकांशी बोलणं बंद. आपण बोलणं तरी चालू करू, रजिस्टर मागून येईल.

तुम्हाला वाटत असेल की पोरांनी मला फितवलं. पोरांनी नाही, रेडिओनं फितवलं. बारामतीला एक छोटं रेडिओ केंद्र आहे, दुपारी त्याच्यावर शेतीचा सल्ला लागतो. (तुमच्याकडं नुसती खरखर ऐकू येत असेल, पण मोबाईलवर स्वच्छ लागतं, ह्याची नोंद घ्या.) मी बागेत बसून फळांना पिशव्या घालत होतो. शेतीचं संपून दुसरा कार्यक्रम कधी सुरू झाला ते माझ्या ध्यानात आलं नाही. श्रेया नावाची मुलगी मुलाखत घेत होती. ती म्हणाली की एलजीबीटी आपल्या भागात पूर्वीपासून आहे, पण लोकांना माहिती नसल्यानं फार नुकसान होतं. आता मी पडलो शेतकरी. कापसात बीटी आली, वांग्यात बीटी येणार म्हणून केवढी चर्चा झाली. मला वाटलं, हा त्याच्या पुढचा वाण. त्यात तिचा पाहुणा जो मुलगा होता तो सांगत होता, की सुरुवातीला विरोध होतो, पण घरच्यांनी सांभाळलं तर वाढ नीट होते. माझी खात्रीच पटली. त्यांनी नंबर सांगितला, मी लावला, आणि लागला. (बँकेचा कधी लागत नाही.) आणि अख्ख्या तालुक्यासमोर मी विचारलं, "मी सांगवीचा गेणबा बोलतोय. ह्याचं बी कुठं मिळंल आन् पाणी किती लागतं?"

तिकडून नुसती खुडबुड ऐकू आली. ती मुलगी हसू दाबत असावी. पण तो मुलगा हसला नाही. अगदी शांतपणे म्हणाला, "काका, ह्याचं बी इकत मिळत न्हाय. ते घराघरात आपसूक उगवतं. पाण्याचंबी काय न्हाय. उपटलं न्हाय म्हंजी झालं."

मी बरं बरं म्हणून फोन ठेवला आणि घरी येऊन लीलाबाईला सांगितलं की पोरगा हुशार आहे, कृषी खात्यातला दिसतो. तिनंही रेडिओ ऐकला होता. ती माझ्याकडं बघतच राहिली. तो तुमचा विशाल होता, झुंबरराव. ऋषिराजचा खोलीवरचा जोडीदार म्हणून आमच्याकडं कितीदा पिठलं-भाकरी खाऊन गेलेला, पण रेडिओत मला त्याचा आवाज उमगला नाही. त्यानं मला पहिल्या शब्दाला ओळखलं आणि भर कार्यक्रमात माझी लाज राखली. तुमच्या घरचं वळण मला तिथं दिसलं.

त्याच आठवड्यात ऋषिराज घरी आला, आम्हा दोघांना पुढ्यात बसवलं आणि काय आहे ते सरळ सांगितलं. विशाल जोडीदार आहे, नुसता खोलीवरचा नाही, आणि लग्नाला मुली बघणं आता थांबवा. लीलाबाईला हे आधीच माहीत होतं. मला का सांगितलं नाहीस विचारलं तर म्हणाली, तुम्ही लगेच सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय मांडला असता. (हे खोटं आहे. मांडला नसता. एखाद्याला बाजूला घेऊन विचारलं असतं इतकंच.) मी काय केलं ते खरं लिहितो. उठलो, बागेत गेलो आणि पाण्याची मोटर चालू केली. बागेला पाण्याची गरज नव्हती. पण मोटरीच्या आवाजात माणसाला मोकळेपणानं रडता येतं. थोड्या वेळानं ऋषिराज मागून आला, माझ्याशेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "आप्पा, मुळ्या कुजतील." मी मोटर बंद केली. त्यानंतर काही दिवस माझ्या तोंडाला चव नव्हती. नातवंडं, भावकी, लोक, सगळं डोक्यात फिरत होतं. तुमच्याही फिरलं असेल, म्हणून लिहितो, एकट्याचंच फिरतं असं समजू नका.

त्यात आमच्या शेजारच्या मानसिंगनं माझा फोन रेडिओवर ऐकलेला. रोज बांधावरून जाताना "गेणबा, बी मिळालं का?" म्हणून विचारायचा आणि आपणच हसायचा. मी खाली मान घालून पुढं जायचो. मग एके दिवशी इंदापूरकडचे एक गृहस्थ आले. पांढरी टोपी, स्वच्छ धोतर, पेरूची रोपं बघायची म्हणाले. मी त्यांना सगळी बाग हिंडवली. छाटणी सांगितली, खत सांगितलं. त्यांचं लक्ष नव्हतं. चहा झाला, परत चहा झाला. शेवटी चप्पल घालता घालता म्हणाले, "तुमी रेडिओवर फोन केला व्हता न्हवं? त्या पोराचा नंबर मिळंल का? माझ्या लेकीला द्यायचाय. ती कुनाशी बोलंना झालीय." मी नंबर दिला. (विशाल अशा पोरापोरींशी फोनवर बोलतो, त्यांच्या आईबापांशीही बोलतो. सुट्टीच्या दिवशी त्याला नीट जेवायलाही मिळत नाही, इतके फोन येतात.) गृहस्थ रोपं न घेताच गेले. पण मला वाटलं, माझ्या येडपट प्रश्नाचा धागा धरून एखादा बाप इथवर येत असेल, तर शहाण्यासारखं बोललो तर किती येतील.

तेव्हापासून मी तो कार्यक्रम चुकवत नाही. मोना म्हणून इंदापूरच्या एक तृतीयपंथी बाई आहेत, ब्लाऊज शिवतात. त्यांनी सांगितलं की बारशाला आशीर्वाद द्यायला लोक मला मानानं नेतात, पण भाड्यानं खोली द्यायला कुणी तयार नाही. भवानीनगरच्याच बाजूच्या दोन बाया होत्या, एका गोठ्यावर आणि एका चुलीवर संसार करतात, लोक त्यांना बहिणी समजतात आणि त्या समजू देतात. ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आलं की ह्यात नवीन काहीच नाही, आपल्याच कानांतला बोळा निघाला नव्हता.

मग तुमच्याकडं आलो. तुम्ही विशालला, हितं पाय ठेवायचा न्हाय, असं सांगितल्याचं ऋषिराजकडून कळलं होतं. मी बोलणं पाठ करून आलो होतो. पण 'सांगवीचा गेणबा, ऋषिराजचा बाप' एवढं म्हटल्याबरोबर तुम्ही जे उसावर सुरू झालात, ते थांबलाच नाही. मी 'विशाल' म्हणालो की तुम्ही साखरेच्या रिकव्हरीवर यायचात. 'पोरगं' म्हणालो की तोडणीवर. तुरा कोणत्या वाणाला लवकर येतो, पाचट जाळावं की ठेवावं, आडसाली लागण कशी परवडते, हे सगळं मी ऐकलं. मी ऊस लावत नाही, हे सांगायचंही राहून गेलं. द्वारकाबाई पोहे घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या, तर तुम्ही त्यांना लिंबू आणायला पाठवलं. पोह्यांवर लिंबू होतं. मला राग आला नाही. तुमच्यात मला मोटर चालू करणारा गेणबा दिसला. तुमची मोटर उसाची आहे, इतकाच फरक.

समोरासमोर जमलं नाही म्हणून मी श्रेयाला कळवलं की माझी मुलाखत घे. लीलाबाई म्हणाली, आमची घे. श्रेया स्कूटीवरून मशीन घेऊन घरी आली. आवाज घुमू नये म्हणून आम्ही खोलीत चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या. खोली बाळंतिणीची दिसायला लागली. सुरू केलं की म्हैस ओरडायची. म्हैस गप्प झाली की उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत जायचा. तो गेल्यावर मी जे बोललो त्याची सुरुवात 'व्यासपीठावरील मान्यवर' अशी झाली. (आयुष्यभर सत्कार ऐकल्याचा परिणाम.) श्रेया बिचारी म्हणाली, काका, घरात बोलता तसं बोला. घरात मला कोण बोलू देतं? तेवढ्यात आवाज ऐकून मानसिंग दारात येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता हा बी मागणार.

श्रेयानं लीलाबाईला विचारलं की तुम्हाला भीती कशाची वाटते. ती म्हणाली, "लोकांची न्हाय. लोक चार दिस बोलतील. पर आमच्या माघारी ह्या दोघांतला एक दवाखान्यात पडला, तर दुसऱ्याला तितं इचारतील, तू ह्याचा कोन? आन् भाईर बसवतील. तवा 'ह्यो घरचा हाय' म्हनून सांगाया घरचं कुनीतरी पायजे. म्हनून मी आत्ताच सांगून ठेवतीया. ह्यो घरचा हाय."

  मुलाखत संपल्यावर मानसिंगनं न सांगता गोधड्या उतरवून घडी घालून दिल्या आणि निघून गेला. तेव्हापासून त्यानं बियाचं विचारणं बंद केलं. रामरामही बंद केलाय, पण तो करेल. त्याला जायला वाट माझ्याच बांधावरून आहे आणि मी तिथं रोज उभा असतो.

मुलाखत संपायच्या आधी श्रेयानं आणखी एक प्रश्न विचारला, त्याला मी उत्तर दिलं. ते तुम्ही येत्या रविवारी दुपारी रेडिओवर ऐकालच. पत्र लांबलं. शेवटी 'कळावे' लिहायची रीत आहे. पण तुम्हाला कळलेलं आहे हे मला दिसतं, म्हणून नुसतं 'वळावे' एवढंच लिहितो.

तुम्ही खोडेपर्यंत आणि खोडल्यावरही तुमचा व्याही,
गेणबा

ता. क. : त्या प्रश्नाचं सांगून टाकतो, खरं तर पत्र त्यासाठीच लिहिलं. श्रेयानं विचारलं, विशालच्या घरच्यांचं काय? लीलाबाई माझ्याकडं बघायला लागली. मी माईक जवळ ओढला आणि सांगितलं की माझे व्याही भवानीनगरचे झुंबरराव पोराच्या पाठीशी उभे आहेत. हे मी मनचं बोललो नाही. तुमच्याकडून निघालो तेव्हा फाटकाची कडी लावताना तुम्ही ऊस सोडून एकच वाक्य बोललात, तेही खाली बघून. "जेवतो का नीट त्यो?" पाठीशी उभं राहणं याहून वेगळं काय असतं, ते मला माहीत नाही. पण श्रेया म्हणते, नाव घेतलंय तर तुमची परवानगी पाहिजे, नाहीतर वाक्य कापावं लागेल. कापलं तर विशाल रविवारी ते वाक्य नसलेली मुलाखत ऐकेल.

ता. क. दुसरा : द्वारकाबाई आमच्याकडं कधीही आलेल्या नाहीत, हे मी स्पष्ट लिहावं असं लीलाबाईचं म्हणणं आहे. तर त्या आल्या नव्हत्या, त्यांनी विशालसाठी लसणाची चटणी आणली नव्हती, आणि मी त्यांना परतीच्या एसटीत बसवून दिलं नव्हतं.

ता. क. शेवटचा : परवानगी मला कळवू नका. माझा मोबाईल कालव्याच्या चारीत, पाण्यात पडलाय. विशालचा नंबर तुमच्याकडं आहे, त्यानं तो बदललेला नाही. हो असो की नाही असो, त्यालाच फोन करून सांगा.

माझा मोबाईल पाण्यात पडलेला नाही. पण तुमचा फोन मी उचलणार नाही.