उलटी बसवलेली क्लिप

आबा, डॉक्टरांची ती जुनी पांढरी गाडी गेल्या आठवड्यात पुन्हा आपल्या गॅरेजात आली. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. डॉक्टरांनी दवाखाना कधीच बंद केला, आता काठी टेकत चालतात, पण गाडी विकायचं नाव काढू देत नाहीत. संध्याकाळी मुरुडहून आगरदांड्याच्या धक्क्यापर्यंत जायचं, दिघीकडून येणारी फेरीबोट बघायची आणि परत यायचं, एवढंच तिचं काम उरलंय. तक्रार मात्र पंधरा वर्षांपूर्वीचीच. पळताना बरी पळते, पण उभी केली की स्लोवर राहत नाही. कधी धापा टाकते, कधी अंग झाडते, कधी आपली आपण बंद पडते. "तुझ्या आबांचा कान लाव बाय हिला," असं म्हणून डॉक्टरांनी चावी माझ्या हातात दिली आणि बाकावर जाऊन बसले. या गाडीबद्दलची एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. ती आज लिहायला बसलेय. लिहून टाकायची कुठे, ते नंतर बघू.

तुमची रीत मला अजून पाठ आहे. आधी कान, मग हात, मग पाना. बॉनेट उघडून गाडी चालू करायची, आईचा स्टीलचा पेला अर्धा पाण्याने भरून एअर फिल्टरच्या झाकणावर ठेवायचा आणि त्या पाण्याकडे बघत राहायचं. पाणी सारखं थरथरलं तर फार काही नाही. थांबून थांबून हिसका बसला की एखादा सिलिंडर काम चुकवतोय. मग सुक्या फडक्यात धरून प्लगच्या वायरी एकेक करून काढायच्या. जी काढल्यावर इंजिनाला काहीच फरक पडत नाही, तिथे तो कामचुकार. प्लग ठीक निघाले तर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात अर्धवट धरायचा. त्याने गाडी सुधारली म्हणजे कुठून तरी चोरवाटेने हवा आत शिरतेय. ती वाट शोधायला तुमचा तो दीड हात लांब रबरी पाइप, खिळ्यावर टांगलेला. एक टोक कानात, दुसरं इंजिनाच्या सांध्यासांध्यावरून फिरवायचं, म्हणजे गळतीच्या जागी बारीक सूं ऐकू येते. बाकीचे मेकॅनिक सांध्यांवर पाणी शिंपडून बघतात. पाणी आत ओढलं गेलं की इंजिनाचा सूर बदलतो, तेही बरोबरच आहे. पण तुम्ही हसायचात. "पाणी मारून बघायला कान कशाला लागतो? बहिऱ्याचं काम हाय ते." तुमचं हे बोलणं मी फारच मनावर घेतलं, आबा.

दहावी झाल्यावर मी गॅरेजात काम करीन म्हटलं, तेव्हा तुम्ही "बघ जमतंय का" एवढंच म्हणालात. लोक काय म्हणतील याची काळजी आईने एकटीने केली. मुलगी म्हणून तुम्ही मला कधी कमी लेखलं नाहीत, पण माझ्या डावखुरेपणाने तुमचा जीव मेटाकुटीला यायचा. रबरी पाइपावर क्लिप आवळायची, तर तिच्या स्क्रूचं डोकं तुम्हाला उजव्या बाजूला हवं असायचं आणि माझ्या हातून ते हमखास डावीकडे जायचं. "बाय, पुन्हा उलटी बसवलीस. उद्या मी स्क्रूड्रायव्हर घालू कुठून, समुद्रातून?" असं म्हणत तुम्ही क्लिप सैल करायचात, फिरवायचात आणि पुन्हा आवळायचात, गिऱ्हाईक समोर असलं तरी. एकदा मी चिडून म्हटलं की माझ्या बाजूने बघा, सरळच दिसते. तर तुम्ही खरंच येऊन माझ्या बाजूने बघितलंत, आणि तरीही फिरवलीतच. इतक्या वर्षांत तुम्ही माझी एकही उलटी क्लिप तशी राहू दिली नाहीत, असं मी परवापर्यंत समजत होते.

पंधरा वर्षांपूर्वी, माझा मुलगा शाळेत होता तेव्हा, डॉक्टरांची गाडी एका महिन्यात तीनदा आली. तुम्ही पाइप फिरवलात, काही नाही म्हणालात, कार्बोरेटर उघडून जेट साफ केलेत. चार दिवसांनी गाडी परत. तुम्ही प्लग बदललेत, पॉइंट घासून गॅप लावलात. गाडी परत. तिसऱ्यांदा डॉक्टर अगदी सौम्यपणे म्हणाले, "राहू दे, अलिबागला कुणाला तरी दाखवतो." तुम्ही खाली बघत म्हणालात, "आजचा दिस द्या, डॉक्टरसाहेब." तुमचा तो आवाज मला सहन झाला नाही. तुमचा कान हीच आपल्या गॅरेजाची पाटी होती. दुसरी पाटी आपण कधी रंगवलीच नाही. डॉक्टर गेले आणि तुम्ही पुन्हा पाइप कानाला लावलात. मी दोन हातांच्या अंतरावर उभी आहे आणि मला ती सूं नुसत्या कानाने ऐकू येतेय. मी बघतेय, पाइपाचं टोक इंजिनाकडून ब्रेकच्या बूस्टरकडे जाणाऱ्या जाड रबरी पाइपावर आलं, बरोबर भेगेवर आलं, क्षणभर थांबलं आणि पुढे गेलं. तुम्ही म्हणालात, "न्हाय, इथं काय न्हाय." हातोड्याचा ठोका, गाडीचा हॉर्न, आईची हाक, सगळं तुम्हाला ऐकू यायचं. ती बारीक सूं तेवढी यायची नाही.

आईने जेवायला हाक मारली, मांदेलीचं कालवण होतं. मी मागाहून येते म्हणाले. तुम्ही आत गेल्यावर मी तो बूस्टरचा पाइप काढला. आपल्या खाऱ्या हवेने रबर खालच्या अंगाला तडकलं होतं. नवा कापून बसवला, नवी क्लिप आवळली, जुना तुकडा पदराखाली लपवल्यासारखा ओढणीत गुंडाळून मागच्या गवतात फेकला आणि हात धुऊन तुमच्या शेजारी जेवायला बसले. जेवणानंतर तुम्ही गाडी चालू केलीत, स्लोचा स्क्रू जरासा फिरवलात आणि पेल्यातलं पाणी शांत झालं. "बघितलंस? पाव फेरा. लोक उगाच इंजिन खोलत बसतात." डॉक्टर आले तेव्हा तुम्ही बॉनेटवर थाप मारून सांगितलंत, "कान अजून शाबूत हायेत, डॉक्टरसाहेब." मला इतका आनंद झाला होता आबा, की खोटं बोलल्याचं काही वाटलंच नाही.

त्याच संध्याकाळी तुम्ही खिळ्यावरचा पाइप काढून माझ्या हातात दिलात. "हा तू ठेव आता. मला जरा सर्दी झालीय, दडे बसल्यात कानाला. तू ऐक आणि मला सांग." त्यानंतर शेवटपर्यंत, सहा वर्षं, तुम्हाला सर्दीच होती. ऐन मे महिन्यातसुद्धा. मी ऐकायची, सांगायची आणि तुम्ही मान डोलावून म्हणायचात, "मलाबी तेच वाटलं होतं." मी समजत होते, कान गेल्याचं तुम्हाला हळूहळू उमगलं असावं, पण त्या दुपारचं गुपित माझ्याजवळ पक्कं होतं. ते जपलं याचा मला अभिमानही होता.

आता परवाचं सांगते. मुलगा बोटीवर असतो, वर्षातले आठ महिने बाहेर. सून माझ्याबरोबर गॅरेज बघते. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. उरणची आहे, लग्नाआधी ट्रेलरच्या यार्डात गाड्यांच्या देखभालीवर होती. मला दुपारी डुलकी लागली तरी हिची बडबड चालू असते, पण हात सोन्याचा. यार्डात नट आवळून झाला की त्यावर पिवळ्या रंगाची रेघ मारायची सवय, म्हणजे कोणता आवळला आणि कोणता राहिला ते लांबून कळतं. ती सवय तिने इथेही आणली. डॉक्टरांच्या गाडीवर मी तळहात धरला, गाडी सुधारली, म्हणजे हवा ओढतेय हे नक्की. मग पाइप कानाला लावून सगळ्या सांध्यांवरून फिरवला. कुठे काही नाही. कार्बोरेटरखालचं पॅकिंग बदललं. तरी तेच. सून म्हणाली, "आई, पाण्याची बाटली आणू? दो मिनिट का काम हाय." मी तिच्यावर खेकसले. आपल्या गॅरेजात पाणी मारून बघत नाहीत म्हटलं. तिने फडक्याला हात पुसले. मग म्हणाली, "आई, तुम्ही जेवून घ्या, मी नंतर जेवते."

जेवून आले, स्क्रू जरासा फिरवला आणि गाडी मांजरासारखी गुरगुरायला लागली. "बघितलंस?" मी म्हटलं. "पाव फेरा." ती म्हणाली, "व्हय आई, तुमचे कान म्हणजे एकदम भारी." मी खूश होऊन बॉनेट बंद करायला वाकले आणि बूस्टरच्या पाइपावर नवी कोरी क्लिप दिसली, डोक्यावर पिवळी रेघ. सवयीने मारून बसली होती बिचारी. अंगाचा तिळपापड झाला माझा. मग लाज वाटली. मग मी भंगाराच्या डब्याशी गेले. वरच जुना तडकलेला पाइप होता आणि त्यावर माझी पंधरा वर्षांपूर्वीची क्लिप, गंजून तांबडी झालेली, डोकं डावीकडे.

तिथेच भंगाराच्या डब्यापाशी बसले मी, आबा. त्या दुपारनंतर सहा वर्षं ती गाडी तुमच्याच हाताखालून जात होती. ऑइल बदलताना, फिल्टर काढताना, ती क्लिप तुमच्या नाकासमोर असायची. तिचं डोकं तुम्हाला किती वेळा आडवं आलं असेल. गावातल्या कुठल्याही गाडीतली माझी उलटी क्लिप फिरवल्याशिवाय तुमच्या हाताला चैन पडायचं नाही आणि तीच एक तुम्ही कधी फिरवली नाहीत. मला ती सरळच दिसत होती, म्हणून माझ्या कधी लक्षात आलं नाही. डॉक्टरांसमोर बॉनेटवर थाप मारताना तुम्हाला ती दिसली होती का? की नंतर, संध्याकाळी, पाइप खिळ्यावरून काढण्याआधी? फार रडले. सून धावत आली, काय झालं विचारलं, तर बोटाला पाना लागला म्हणाले.

आज सकाळी एक रिक्षा आली, स्लोवर राहत नव्हती. मी खिळ्यावरचा पाइप काढून सुनेच्या हातात दिला आणि म्हटलं, हा तू ठेव, मला जरा सर्दी झालीय, तू ऐक आणि मला सांग. तिने पाइपाचं टोक पुसलं. मग "व्हय आई" म्हणाली आणि इंजिनावर वाकली. एरवी साधी शिंक आली तरी काढा उकळायला धावणारी पोर, आज औषधाचं नावसुद्धा काढलं नाही. हा कागद घडी घालून तुमच्या पान्यांच्या पेटीत तळाशी ठेवतेय, त्या गंजक्या क्लिपेबरोबर. सर्दी मला झालेली नाही, आबा.