सावंतांचा नकाशा

रत्नागिरी, रविवार, ९ नोव्हेंबर १९८६

आमच्या युद्धवेड्या मंडळींचा रिवाज असा, की आठवड्यात वाचलेलं सांगायचं आणि पुस्तक शेजाऱ्याच्या हाती द्यायचं. मी रणगाड्यांच्या लढाईवर दोनदा वाचून बोललो, तर सगळ्यांना जांभया. सावंतांनी मुंबईहून आणलेल्या आरमारी युद्धाच्या पुस्तकातला घडीचा नकाशा उलगडला आणि मंडळी चहा विसरली. "मास्तर, असं सांगायचं असतं!" वर मंडळीतले डॉक्टर मलाच म्हणाले. मेला तो नकाशा!

पुस्तक माझ्याकडे आलं. घरी उघडतो तर नकाशापुढची सगळी पानं छापखान्यातून आली तशी कडेला जोडलेली, कापलेलीच नाहीत. म्हणजे सावंतांनी वाचलंच नाही! पुढच्या रविवारी तस्संच सगळ्यांसमोर ठेवू? पण न वाचता माणूस इतकं रंगवतो. लाजेकाजेने खरंच वाचायला लागला, तर माझं कोण ऐकणार?

सुरी घेतली. पानं मीच कापतोय.