यांच्या नावावर दिलेली उत्तरं

परळ, शनिवार

प्रिय शेवंती,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तुझ्या मनात पहिला प्रश्न आला असेल, कोण गेलं? कोणी गेलेलं नाही. आमचे हे ठणठणीत आहेत. प्रिती आणि जावई ठाण्याला मजेत आहेत. आपल्या जुन्या चाळीतले तात्या ब्याण्णव वर्षांचे झाले आणि चाळीच्या जागी झालेल्या टॉवरच्या लिफ्टमध्ये अजून प्रत्येकाला मजला विचारून बटण स्वतःच दाबतात. आता माझं. दहा महिने मी तुझा फोन उचलला नाही. मे महिन्यात तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते मला प्रितीकडून कळलं, तरी मी साधी विचारपूस केली नाही. तू रुसली असशील तर चूक तुझी नाही. पण मी तुझ्यावर रुसले नव्हते, एवढं आधी सांगून टाकते.

रविवारी अकराला फोन वाजायचा. त्यावर तुझा हळदीकुंकवाचा फोटो यायचा, नथ जरा वाकडी असलेला. मी फोन पालथा घालायचे आणि तो थांबेपर्यंत तिथेच बसून राहायचे. तुझ्याशी बोलायचं म्हणजे काहीतरी सांगायला हवं, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सकाळी उठून चहा करायचा हेसुद्धा डोंगराएवढं वाटायचं. केस विंचरायचा कंटाळा, देवाला फूल वाहायचा कंटाळा. तुला खोटं वाटेल, पण बाजारातून आणलेले बांगडे तसेच पिशवीत राहिले आणि दुसऱ्या दिवशी टाकून द्यावे लागले, असंही दोनदा झालं. मला वाटलं, सत्तरी ओलांडली, आता हे असंच असणार. प्रिती म्हणायची, आई, देवळात जात जा, बरं वाटेल. मी हो म्हणायचे आणि पुन्हा पलंगावर पडायचे.

दसरा झाल्यावर आमच्या टॉवरच्या खालच्या हॉलमध्ये एका हॉस्पिटलचे लोक आले. साठीच्या पुढच्या माणसांच्या उदासपणावर त्यांचं संशोधन चालू आहे. कुठला उपचार जास्त उपयोगी पडतो, नुसत्या गोळ्या, की गोळ्या आणि सोबत दर आठवड्याला कोणीतरी घरी येऊन बोलणं, हे त्यांना बघायचंय. यादीत यांचं नाव होतं, कारण सोसायटीच्या वहीत घरातल्या पुरुषाचंच नाव असतं. म्हणून भाविका नावाची मुलगी यांना प्रश्न विचारायला घरी आली. वरळी कोळीवाड्यातली आहे, आई अजून मासे विकते, बोलणं एकदम रोखठोक. पंधरा प्रश्न होते, हो किंवा नाही एवढंच सांगायचं. हे पेपर वाचत बसले होते. आता तूच सांग, आपल्या घरांत पाहुण्याने यांना काही विचारलं की उत्तर कोण देतं? डॉक्टरने विचारलं पोट साफ होतं का, तरी मीच सांगते. रे रोडच्या वखारीत तीस वर्षं लाकडं मोजली, पण स्वतःच्या शर्टाचं माप या माणसाला माहीत नाही. तेव्हा मी चहा गाळता गाळता उत्तरं देत गेले. झोप लागते का, नाही. आयुष्य रिकामं वाटतं का, हो. घरातच बसून राहावंसं वाटतं का, हो. आपला कोणाला उपयोग नाही असं वाटतं का, हो. भराभर देत गेले, एकदाही अडखळले नाही.

भाविकाने बेरीज केली आणि गंभीर झाली. पंधरापैकी अकरा मार्क उदासपणाचे आले होते. म्हणाली, मावशी, काकांना लगेच डॉक्टरांना दाखवायला पाहिजे. तेव्हा यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "माका झोप बरी लागता. जेवतंय पण बरो. ता सगळा हिचा हा." आणि पुन्हा पेपर उचलला. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली आणि चहा ओट्यावर सांडला.

ती पोरगी हसली नाही, हे तिचे उपकार. तिने यांना आतल्या खोलीत बसायला सांगितलं, स्वतः ओटा पुसला आणि म्हणाली, "मावशी, आता तुमचं तुम्ही सांगा, घाई नाही." तेच पंधरा प्रश्न. यांच्या नावावर मी पाच मिनिटांत उत्तरं दिली होती, माझ्या नावावर द्यायला अर्धा तास लागला. मध्ये मी रडले. बारा आले. एक वाढला म्हणून मला उगाच लाज वाटली.

मग रीतसर सगळं झालं. डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं, थायरॉइड बघितलं. त्यांनी सांगितलं की हा आजार आहे, म्हातारपण नाही, आणि याला औषध आहे. कोण कुठल्या गटात ते कॉम्प्युटर ठरवतो, तिथे कोणाची ओळख चालत नाही. माझ्या वाट्याला गोळ्या आणि बोलणं दोन्ही आलं. गोळ्यांनी पहिले दहा दिवस मळमळ झाली, म्हणून मी कोणाला न सांगता बंद केल्या. भाविकाने पाकिटातल्या गोळ्या मोजून मला पकडलं. रागावली नाही, पण मला स्वतः डॉक्टरांना फोन लावून सांगायला लावलं.

बोलणं म्हणजे मला वाटलं होतं उपदेश करतील. तसं काही नाही. आठवड्यात काय काय करायचं ते मीच ठरवायचं आणि केलं की वहीत खूण करायची. पहिल्या आठवड्यात फक्त खाली उतरून मसाल्याच्या गिरणीपर्यंत जाऊन यायचं होतं. तेही तीनदाच जमलं. पाचव्या आठवड्यात भायखळ्याच्या बाजारातून एकटी भाजी घेऊन आले, आणि भाजीवाल्याशी चवळीवरून भांडले. भाविकाला ते भांडण फार आवडलं. तिने ते वहीत लिहून घेतलं. आता चौदावा आठवडा चालू आहे आणि परवा पुन्हा प्रश्न विचारले तेव्हा सहा आले. सगळं छान झालं असं म्हणणार नाही. काही सकाळी अजून तसंच जड वाटतं. पण झोप लागते, आणि परवा यांच्या बोलण्यावर मी मोठ्याने हसले तेव्हा हे दचकले.

आता जे फोनवर सांगता आलं नसतं ते लिहिते. बारावा प्रश्न होता, जगणं नकोसं वाटतं का. यांच्या नावावर मी पटकन नाही म्हणून तो टाळला होता, आणि माझ्या नावावर आला तेव्हा हो म्हणाले. शेवंती, श्रावणात माझ्या मनात आलं होतं की आता जगूच नये. एकदा नाही, बरेच दिवस. हे मी भाविकाला आणि डॉक्टरांना सांगितलंय, तिसरी तू. आता तसं वाटत नाही, पण ते म्हणतात की पुन्हा वाटू शकतं, आणि तेव्हासाठी एक कागद आधीच भरून ठेवायचा. त्यावर तीन ओळी आहेत. पहिली, मी स्वतः काय करीन. दुसरी, घरातल्या किंवा ओळखीच्या कोणाला फोन करीन. तिसरी, हॉस्पिटलचा नंबर. दुसऱ्या ओळीपाशी मी दोन आठवडे अडून बसले होते. प्रितीचं नाव घातलं तर ती मला उचलून ठाण्याला नेईल आणि डोळ्यांआड होऊ देणार नाही. यांना सांगितलं तर हे दाराशी खुर्ची टाकून बसतील आणि जेवणार नाहीत. मग मला आपल्या गॅलरीतला तो दिवस आठवला. माझे सासरे कोसळले, सगळी चाळ रडत उभी होती, आणि तू खाली बसून त्यांची कवळी काढून पदरात बांधलीस, एकाला टॅक्सीसाठी पिटाळलंस आणि मला म्हणालीस, चप्पल घाल. मला तसं माणूस हवंय. तुझं नाव लिहिलंय. पण भाविका म्हणते, ज्याचं नाव त्याला विचारल्याशिवाय चालत नाही, आणि माझा फोन कधीही येऊ शकतो हे त्या माणसाला ठाऊक पाहिजे. दहा महिने तुझा फोन न उचलणारी बाई आता तुला म्हणते आहे की माझा उचल. तुला जड वाटलं तर नाही म्हण, मी समजून घेईन. तुझं नाव सध्या पेन्सिलने लिहिलंय. हो म्हणालीस की पेनाने गिरवीन.

तुझीच,
सुभद्रा