खोबरेल चोपडलेली काडतुसं

बाबा, तुमच्या बंदुकीचं काय करायचं हे ठरवायची पाळी शेवटी माझ्यावर आली. जिला तुम्ही जन्मभर त्या बंदुकीपासून लांब ठेवलंत, तिच्यावर. तुम्ही गेल्यापासून ती कल्याणातल्या बंदूकवाल्याकडे जमा होती. दादा कधी बघायला गेला नाही, मीही गेले नाही, आणि आई होती तोवर कुणी विषयच काढला नाही. यंदा पोलिसांची नोटीस आली: वारसांपैकी एकाच्या नावावर करून घ्या, नाहीतर सरकारजमा करा, म्हणजे ती मोडीत निघेल. वारस आम्ही दोघंच. एकाच्या नावावर करायची तर दुसऱ्याची ना-हरकत सही लागते. दादाचा लगेच फोन. "तू फक्त सही कर, बाकीचं मी बघतो." शिळ रस्त्याकडच्या शेताच्या वेळी तो हेच बोललेला, आणि तेव्हा मी हक्कसोडावर निमूट सही केलेली. माहेर राहावं म्हणून आपल्याकडच्या बायका करतात तशीच. आता तिथं टॉवर उभे आहेत आणि दादा त्यांच्याकडे बोट दाखवून "आपलं काम" म्हणतो. विटेला हात लावला नाही कधी त्यानं.

तुमचं तरी काय वेगळं होतं? बंदूक आजोबांची. भातात डुकरं शिरायची म्हणून त्यांना परवाना मिळालेला. पॉइंट टू-टूची, बारीक नळीची साधी रायफल. तिनं डुक्कर मरत नाही, आवाजानं पळतं. आजोबा तेवढंच करायचे आणि तेवढंच सांगायचे. तुमच्या तोंडी मात्र त्यांनी वाघ मारायचाच काय तो बाकी ठेवलेला. तुमच्या हातात ती आली तोवर शेतात डुकरं उरली नव्हती, थोड्या दिवसांत शेतही पडीक पडलं, मग ती बिचारी हॉलमधल्या काचेच्या कपाटात गेली. खाली चहाचा सेट, वर बंदूक. पाहुणा आला की तुम्ही आधी पाण्याचं विचारायचात आणि लगेच कपाटाकडे बघायचात, त्यानं विचारावं म्हणून. नाही विचारलं तर तुमचं तोंड उतरायचं. काय तो रुबाब! बडा घर पोकळ वासा म्हणतात तो हाच.

आणि दसरा आला की विचारूच नका. पाटावर नवं कापड, त्यावर बंदूक, झेंडूची माळ. तुम्ही ओल्या बोटांनी नळीच्या तोंडाशी हळदकुंकू लावताय, ते आत ओघळतंय, शेजारीच नारळ फोडताय, पाणी लोखंडावर उडतंय. काडतुसं तबकात मांडलेली, आणि ती चमकावीत म्हणून एकेकाला बोटानं खोबरेल चोपडताय. पूजा झाली की सोनं द्यायला आलेल्या प्रत्येकाला रिकाम्या बंदुकीचा खटका दाबून दाखवणार. खट. पुन्हा खट. ह्या जातीच्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत असतो, म्हणून पिन कडेवर आपटते. आत काडतूसच नसेल तर ती नळीच्या कडेवर आपटते आणि दर खटक्याला लोखंड जरा जरा चेपत जातं. हे तुम्हाला माहीत नव्हतं. माहीत नसणं हा गुन्हा नाही हो, पण तुम्हाला माहीत करूनच घ्यायचं नव्हतं. मला काम एकच, ओवाळणीचं तबक धरून उभं राहायचं. ओवाळायचं कुणाला, तर लोखंडाला.

मी आठवीत असतानाचा दसरा तुम्ही विसरला असाल. मी नाही विसरले. सोनं लुटून झालं आणि तुम्हाला हुक्की आली की आज बार काढून दाखवायचा. बांधावर मडकं ठेवलं, निम्मा गाव मागे उभा. तुम्ही तबकातलं काडतूस घातलंत, डोळा बारीक केलात, खट. काही नाही. दुसरं घातलंत. खट. मामा मागून म्हणाले, "काय रं, बंदूक निजली काय तुझी?" आणि सगळे हसले. त्यावर तुम्ही काय केलंत, तर नळी स्वतःकडे वळवून आत डोकावलात! आज माझ्या रेंजवर कुणी असं केलं तर मी त्याला मानेला धरून गेटबाहेर काढते. न उडालेला बार उशिरानंही उडतो. बंदूक समोरच रोखून गप उभं राहायचं असतं, आणि मग मागचा बोल्ट उघडायचा असतो. तुम्ही वाचलात ते नशिबानं, अकलेनं नव्हे.

नाचता येईना अंगण वाकडं, ह्यापुढे तुमची मजल गेली. तुम्ही वळलात, गर्दीत मला हुडकून काढलंत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "ह्या पोरीनं हात लावला असंल. बाईमानसाचा हात लागला का हत्यार रुसतं." मी हात लावला नव्हता, बाबा. माझी छातीच नव्हती तेवढी. आत्यानं मला दंडाला धरून घरात नेलं, आणि आई कढईतले वडे उलटता उलटता एवढंच म्हणाली, "गप, पाहुने हायेत." वर्षभर गावातली पोरं मला बघून "रुसली रे रुसली" म्हणायची. तुम्ही ऐकायचात आणि मिशीत हसायचात.

मग कॉलेजात कवायतीच्या पथकात मी नाव घातलं. तिथं पॉइंट टू-टूच होती, तुमच्याहून जुनी आणि तुमच्याहून शहाणी. पहिले काही आठवडे बारच नाही. नुसतं दोरीला चिंदी बांधून नळीच्या मागच्या बाजूनं आत घालायची आणि तोंडाकडून ओढायची. उलट नाही, कारण तोंडाची कड दुखावली की गोळी भरकटते. तुम्ही छत्रीची काडी पुढून खुपसायचात ते आठवून माझ्या अंगावर काटा आला. आणि मग एका दिवशी शिकवणारे हवालदार सहज म्हणाले, "कारतूस को तेल मत लगाना, अंदर उतर जाता है, मसाला मर जाता है." मी जागच्या जागी उभी राहिले. मसाला खोबरेलानं मेलेला! तुमच्याच बोटानं! कल्याण स्टेशनपर्यंत मी रस्त्यात एकटीच हसत आले, लोक बघत होते.

त्याच रात्री जेवताना मी तुम्हाला सांगितलं. चढ्या आवाजात नाही, उलट मला वाटलेलं तुम्हाला बरं वाटेल, बंदूक बिघडलेली नव्हती म्हणून. तुम्ही सुकटीचा घास तसाच हातात धरून ऐकलंत. मला अजून दिसतंय, तुम्हाला पटलेलं आहे. डोळ्यांत दिसतंय पटलेलं. आणि तरी तुम्ही म्हणता, "मना नको शिकवू. चूल बग." पुढच्या दसऱ्याला पुन्हा तबक, पुन्हा खोबरेल, आणि ह्या खेपेला मुद्दाम माझ्याकडे बघत बघत. अज्ञानाची मला कीव येते. पण कळूनसवरून तेल चोपडणाऱ्या माणसाला काय म्हणायचं, ते लिहायला नको, मुलगी आहे मी तुमची.

राज्याच्या स्पर्धेत मला पदक मिळालं तेव्हा घरी पेढे वाटलेत, हे खरं. आणि पदक कुठं ठेवलंत? माझ्या फोटोला नाही, देवाजवळ नाही. बंदुकीच्या नळीला अडकवलंत! येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचात, "आमच्या घरान्यातली बंदूक हाय, रक्तात येतं." ते पदक मी क्लबच्या उसन्या रायफलीवर मिळवलेलं. तिचा दस्ता मला आखूड व्हायचा म्हणून मागे पुठ्ठे लावायची मी. तुमच्या बंदुकीला तर तोवर माझं बोटही लागलं नव्हतं. घामट फितीखाली नळीवर गंजाची रेघ उठली ती मी काचेतून बघायची. किल्ली तुमच्या कंबरेला.

आज माझं पोट ह्याच विद्येवर चालतं. वर्तकनगरातून सकाळी निघते, दिवसभर रेंजवर पोरींना शिकवते. घोडबंदर रोडच्या टॉवरमधले आईबाप येतात. पोरगी अजून एअर रायफलवर नीट श्वास धरत नाही, पण ह्यांचा पहिला प्रश्न, "मॅडम, पॉइंट टू-टूमध्ये टॉपची कुठली? आम्ही बाहेरून मागवू." जशा काही बाथरूमच्या टाइल्स. मी सांगते, आधी तिच्या मापाची बघा. खांद्याला बसते का, गाल टेकल्यावर डोळा आपसूक रेषेत येतो का, हात थरथरत नाही ना. मग चार प्रकारची काडतुसं घेऊन त्याच नळीतून मारून बघा, कारण एका नळीला जे मानवतं ते दुसरीला मानवत नाही, किंमत कितीही असो. ते मान डोलावतात आणि सगळ्यात महागडीच आणतात, आणि आधी तिच्याबरोबर फोटो काढतात. मला अशा वेळी तुम्ही आठवता. नुसतं कपाट बदललंय.

गेल्या महिन्यात दादा आणि मी बंदूकवाल्याकडे गेलो. दादाच्या गळ्यात तुमची जाड चेन, मनगटावर त्याहून जाड. दुकानाच्या मालक म्हातारबुवांनी गुंडाळलेलं कापड सोडलं आणि बंदूक काउंटरवर ठेवली. मी विचारून हातात घेतली, रिकामी आहे ना बघितलं, बोल्ट काढला आणि मागून नळीत डोळा लावला. पलीकडे दार होतं, लख्ख ऊन होतं, आणि नळीत काळोख. गोळीला पीळ देणारी आतली वळणं गंजानं खाल्लेली, कडेला तुमच्या खटखटीचा खड्डा, बोल्टच्या फटीत खोबरेल आणि कुंकू मिळून झालेला लाखेसारखा थर. मी म्हटलं, "दादा, ही उडवायची नाही. काडतूस मागून फुटेल, तोंडावर येईल." तो म्हणाला, "उडवायचीय कुणाला? फार्महाउसला लावतो. दसऱ्याला पूजा करू, चार लोकं येतात. एखादा बार काढला तर काढला." मी म्हटलं, "मग सही नाही."

तो आधी हसला. मग म्हणाला, "येवढी जमीन हसत हसत सोडलीस, आणि ह्या भंगारावर अडतेस?" मी बंदूक परत कापडात गुंडाळायला लागले. "बघ हां. सही नसेल करायची तर भाऊबीजेला यायची तसदी घेऊ नको." आणि गेला. त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज मी ऐकला. माहेर म्हणून जे काय उरलेलं होतं ते त्या गाडीत बसून गेलं.

म्हातारबुवा हळूच म्हणाले, "ताई, मग तुमच्याच नावावर घ्या की. तुमचं रेकॉर्ड आहे, परवाना अडणार नाही. भावाची सही आणा फक्त." मी ताडकन म्हणाले, "मला काय करायचाय हा गंज?" आणि घरी आले. चार दिवसांनी दादाला फोन केला. म्हटलं, माझ्या नावावर कर. आणि तो बोलला. आवाज त्याचा, बोलणं तुमचं. "बाईच्या नावावर हत्यार? लोकं शेण घालतील तोंडात." झालं. त्याला मी देत नाही, मला तो देत नाही. परवा पोलीस ठाण्यात दोघांनी वेगवेगळ्या वेळी जाऊन सरकारजमा करायच्या कागदावर सह्या केल्या. त्याच्या सहीखाली माझी सही.

हे पत्र पाठवायचा प्रश्न नाही. जिवंतपणी तुम्ही माझं एक वाक्य धड ऐकून घेतलं नाहीत, आता काय घ्याल. तरी एक सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी रडले नव्हते. आत्या म्हणाली होती, पोरगी दगडाची आहे. परवा सही करून बाहेर आले, रिक्षात बसले, आणि रिक्षावाल्यानं दोनदा "कुठं जायचं ताई" विचारलं तरी मला सांगता येईना, इतकी हमसून हमसून रडत होते. तुमच्यासाठी नाही. ती खराब होती, कुठल्याच कामाची नव्हती, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण मला ती हवी होती, बाबा. आठवीच्या आधीपासून हवी होती. तुम्ही एकदा "घे" म्हणाला असतात, तर ते खोबरेलसुद्धा मी पोटात घातलं असतं.