तंदूरमागचं थोटूक

११ फेब्रुवारी

मस्तुराच्या लघवीत जंतू निघाले. पॉलिक्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बायकांना होतं असं. स्वतःच्याच आतड्यातले असतात, इकडचे तिकडे जातात." स्वतःचेच? चोवीस वर्षं संसार झाला, इतके दिवस कुठे होते मग?

आईलाही बरोबर यायचंच होतं. दुखरा गुडघा धरून जिना चढली. बाईंनी मस्तुराला प्रश्न विचारले — पाणी किती पिता, गारठ्यात बसता का, सिगारेट ओढता का. शेवटचं ऐकून मला हसूच आलं. ती तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, "आमच्या घरातल्या बायका? बाई, अख्खं मर्गिलान आमच्या हातचं नान खातं!"

आई माझ्याकडे बघत राहिली. अभिमान वाटला असणार.

१४ फेब्रुवारी

गोळ्या चालू. आईचं औषध वेगळंच — ओटीपोटावर गरम मिठाची पुरचुंडी, कमरेला लोकरी पट्टा, मक्याच्या केसांचा काढा. "गार दगडावर बसलीस, दुसरं काय!" आमच्याकडे जे काही होतं ते गार दगडावर बसल्यानेच होतं.

२० फेब्रुवारी

तंदूरमागे कपाशीच्या काड्या काढायला गेलो, तर सिगारेटचं थोटूक! बारीक, पांढरं.

मी सिगारेट ओढत नाही. जिभेखाली हिरवी तंबाखू धरतो, ती सगळेच धरतात. मुलगा ताश्कंदला असतो. घरी राहिल्या आई आणि मस्तुरा. मग हे कुणाचं? मनात पाल चुकचुकली.

घरात तंदूर असला की नाकाचा काही उपयोग नाही. कपडे, उशा, केस — सगळ्याला धुराचा वास. कुणी येऊन पाकीट संपवून गेला तरी मला कळायचं नाही.

२१ फेब्रुवारी

परका पुरुष अंगणात येतो तो एकच. पीठवाला इल्गिझ. तातार आहे, गोरा, दात चांगले. पोती उतरवून तंदूरपाशी टेकतो, ओठात सिगारेट. मस्तुरा त्याला चहा देते. चहा पूर्वीही द्यायची. पूर्वी मी बघत नव्हतो, एवढंच.

२६ फेब्रुवारी

शेजारच्या सलोमत आपा नान घ्यायला आल्या. मस्तुराची चौकशी केली. मग आवाज खाली — "असले जंतू आपोआप नाही हो येत. बाहेरून येतात." आणि डोळे मिटून मान हलवली. ही बाई आगीत तेल ओतणारी आहे हे गल्लीला ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे. तरी दिवसभर डोक्यात तेच.

२८ फेब्रुवारी

गुपचूप स्वतःची लघवी तपासून आणली. स्वच्छ! आनंद झाला. मग घरी येताना विचार आला — माझ्यात नाहीत, तर तिच्यात कुठून?

२ मार्च

इल्गिझचं पीठ बंद केलं. कारण विचारलं त्याने. सांगितलं नाही.

६ मार्च

नव्या माणसाचं पीठ भिकार. नान तंदूरच्या भिंतीला धरत नाहीत, निखाऱ्यात पडतात. एक गिऱ्हाईक म्हणालं, "उस्ता, हे खायचं की पायात घालायचं?"

२२ मार्च

काल नवरोज. आमच्याच अंगणात गल्लीतल्या बायकांनी सुमलक, मोड आलेल्या गव्हाची सणाची खीर, रटरटत ठेवलं होतं. सगळ्या आळीपाळीने कढई ढवळत, गात होत्या. मस्तुरा मधेच उठून गेली. परत आली ती पांढरीफटक. मला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, लाल होतंय. रक्तासारखं."

"दुखतंय?"

"अजिबात नाही."

दुखत नाही आणि रक्त? हे कसलं दुखणं? आई म्हणाली, चुलीपाशी गार विटांवर बसली होतीस. पुन्हा मीठ, पुन्हा पट्टा.

२ एप्रिल

पुन्हा तपासणी. या खेपेला जंतू नाहीत! रक्त मात्र आहे. डॉक्टरीणबाईंनी त्याच गोळ्या लिहून दिल्या — "राहिले असतील थोडेफार."

मला दुसरंच सुचलं. इल्गिझ गेला, जंतू गेले. कोडं सुटलं. रक्त काय, गोळ्यांनी थांबेल.

११ एप्रिल

काल नवं थोटूक सापडलं. इल्गिझ नाही, तरी थोटूक आहे! म्हणजे दुसराच कुणीतरी.

आज बाजारात जातो म्हणून निघालो. गल्लीला वळसा घालून मागच्या भिंतीवर चढलो, तुतीच्या आड. पन्नाशीचा माणूस, पोट सुटलेलं, भिंतीवर! सलोमत आपांनी पाहिलं असतं तर संध्याकाळच्या आत गावभर झालं असतं.

मस्तुरा आली. एकटीच. तंदूरच्या निखाऱ्यावर काडी धरली, सिगारेट पेटवली, आणि डोळे मिटून झुरका घेतला. नवशिक्याचा झुरका नव्हता तो.

मी भिंतीवरून पडलो. ती ओरडली नाही. धावत आली आणि म्हणाली, "अहो, लागलं का?"

पिठाच्या पोत्यावर बसून मी हसत सुटलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माणूस नाही! कुणीच नाही! दोन महिने साप साप म्हणून भुई धोपटली! तिला वाटलं, पडून डोक्याला मार बसला.

मग बोलली. लग्नाआधी रेशीम गिरणीच्या रंगखात्यात होती, तेव्हापासूनचं. "कोपरापर्यंत हात रंगलेले असायचे. मधल्या सुटीत सगळ्याच मुली ओढायच्या. इथे आल्यावर सुटेल वाटलं होतं." सुटली नाही. "आईंना कळलं तर तोंड कुठे लपवू मी? नानवर हात ठेवून सांगा, कुणाला सांगणार नाही."

सकाळचं नान होतं. ठेवला हात. नान भाजणाऱ्याने नानची शपथ घ्यायची म्हणजे याच्यापुढे काही नाही.

१३ एप्रिल

चहाखान्यात इल्गिझ भेटला. "उस्ता, माझ्या पिठात किडे निघाले की काय?" हातात जाडजूड, बिनफिल्टरची सिगारेट. थोटूक बारीक होतं. इतकी साधी गोष्ट मी बघितली नव्हती. कावीळ झालेल्याला सगळंच पिवळं. सोमवारपासून पीठ पाठव म्हटलं.

६ मे

पुन्हा रक्त. या वेळी गुठळ्या. फर्गान्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं — त्सोय, कोरियन म्हातारा, हळू बोलतो. आई बरोबर होतीच.

त्यांनीही तेच विचारलं. "सिगारेट?"

मस्तुराने माझ्याकडे पाहिलं, मग फरशीकडे. "नाही."

त्सोय माझ्याकडे वळले. "नक्की?"

एका बाजूला आई. डोळ्यांपुढे नान. म्हटलं, "नक्की."

"ओढत असत्या तर याच आठवड्यात आत कॅमेरा घालून बघितलं असतं. नाहीत, तर जुलैची तारीख घ्या. आधीचे बरेच थांबलेत."

जुलैची तारीख घेऊन बसने परतलो.

९ मे

सगळे तेच का विचारतात? छातीचं असतं तर समजलो असतो. लघवीचा आणि धुराचा काय संबंध? काहीतरी आहे, आणि हे डॉक्टर ते सांगत नाहीत.

१० मे

मस्तुराने आज अर्धंच नान खाल्लं. उरलेलं फडक्यात बांधून ठेवलं.

१३ मे

एकटाच फर्गान्याला गेलो. सांगून टाकलं सगळं. सिगारेट, रंगखातं, शपथ.

त्सोयनी चष्मा काढला. "उस्ता, धूर फुप्फुसात थांबत नाही. त्यातलं विष रक्तात उतरतं, मूत्रपिंडं ते गाळतात, आणि मग ते मूत्राशयात साठून राहतं. रोज. तुमच्या तंदूरवर काजळी धरते ना, तसं आतल्या अस्तराला लागत राहतं. गिरणीतले काही रंगही तसलेच."

"आणि जंतू?"

"होते की. पण ते सापडले म्हणून पुढे कुणी बघितलं नाही."

मीही नाही. मी तर जंतूंचा बाप शोधत होतो.

तारीख शुक्रवारची दिली. घरी येऊन एक नान कुस्करलं आणि चिमण्यांना घातलं. शपथ मोडल्यावर असं करतात का, माहीत नाही.

१७ मे

गाठ आहे. कॅन्सर दिसतोय, त्सोय म्हणाले. सोमवारी कापून काढणार. स्नायूत शिरलीय की नाही ते नंतर कळेल. "फेब्रुवारीतच इकडे आला असता तर बरं झालं असतं. जुलैत आला असता तर..."

मस्तुराने एवढंच विचारलं, "तुम्ही सांगितलंत ना त्यांना?"

"हो."

"आईंसमोर?"

"नाही."

"मग असू दे." माझंच रडू आवरेना. तिनेच पाठीवर हात ठेवला. फार भीती वाटते आहे.

१८ मे

सकाळी आई तंदूरमागे दिसली. भिंत धरून वाकायला बघत होती, वाकता येत नव्हतं. म्हटलं, काय शोधतेस?

"थोटकं. दुसरं कोण वेचणार? ती या घरात आली तेव्हापासून वेचतेय, तुझ्या नजरेला पडू नयेत म्हणून. तुझा स्वभाव मला माहीत नाही का? या हिवाळ्यात गुडघा वाकेना, म्हणून राहून गेली."

फेब्रुवारीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा आई शेजारीच बसली होती. माझ्याकडे बघत राहिली होती. अभिमानाने नव्हे.